तांब्यावर आई, मातीवर नाव

आमच्या वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. १९३९ साली इथे दुसऱ्या विंध्यशक्ती राजाचा ताम्रपट सापडला. त्यात राजाचे, त्याचे वडील सर्वसेन आणि आजोबा प्रवरसेन यांचे नाव आहे. दान दिलेले गाव आहे, दान घेणारे ब्राह्मण आहेत. मला प्रश्न पडतो, त्या काळातल्या बायका कुठे गेल्या?

त्यांचा माग लागतो वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेकडे, रामटेकजवळच्या नगरधनला. तेच जुने नंदिवर्धन. सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक प्रभावतीगुप्ता इथे सून म्हणून आली. पती दुसरा रुद्रसेन वारला तेव्हा मुले लहान होती. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला तिने कारभार हाती घेतला. पुण्यात मिळालेला तिचा ताम्रपट तेराव्या वर्षाचा आहे. त्यात तिने वंशावळ सांगितली ती माहेरच्या गुप्तांची, गोत्र लावले ते वडिलांचे धारण, आणि आई कुबेरनागेचेही नाव कोरून घेतले. पण त्याच ताम्रपटाच्या मुद्रेवर तिचे स्वतःचे नाव नाही. तिथे आहे ‘युवराजाची आई’. तेरा वर्षे राज्य हाकणाऱ्या बाईलाही हुकूम सोडताना मुलाचा आधार घ्यावा लागला!

मग २०१५ ते २०१८ या काळात नगरधनला उत्खनन झाले. डेक्कन कॉलेज आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या अभ्यासकांना तिथे मातीचा एक लंबगोल ठसा मिळाला. वजन जेमतेम साडेसहा ग्रॅम. त्यावर शंख आहे आणि ब्राह्मी लिपीत नाव आहे, प्रभावतीगुप्तेचे. तांब्याने जे सांगितले नव्हते ते चिमूटभर मातीने सांगितले. तिच्या नावाने शिक्का चालत होता.

त्याच मातीतून बांगड्या निघाल्या, टकळीच्या चकत्या निघाल्या, अंग घासायच्या वज्र्या निघाल्या. आमच्या दादीच्या न्हाणीत अशीच वज्री असे. सूत कोणी कातले, बांगडी कोणाच्या हातातली, हे कोणी लिहून ठेवले नाही. पण राणीच्या शिक्क्याइतकाच तोही पुरावा आहे. राज्य चालत होते तसे घर चालत होते, आणि दोन्हींत बाईचा हात होता.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचे नाव महाराष्ट्रात सक्तीचे झाले. कुबेरनागेच्या लेकीने ते सोळाशे वर्षांपूर्वी आपल्याच विदर्भात तांब्यावर कोरले होते. म्हणून एक विनंती. नांगरताना, पाया खणताना मातीचा एखादा ठसा, एखादी बांगडी दिसली तर खापर म्हणून बांधावर फेकू नका. गावच्या तलाठ्याला, तहसीलदाराला कळवा. कुणा बाईची तेवढीच एक खूण उरलेली असेल.