भार आणि बळ

कोंकणांतील जुन्या घराची भिंत ज्यांनीं जवळून पाहिली असेल, त्यांना तिचा तांबूस, खडबडीत व छिद्रांनीं भरलेला चेहरा सहसा विसरतां येत नाहीं. राजपुरीच्या खाडीच्या आंतल्या अंगास वसलेल्या म्हसळ्याच्या मुलुखांत अशा जांभ्याच्या भिंती अजूनहि उभ्या आहेत. हा मुलूख १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दींच्या संस्थानांत होता. पुढें संस्थान गेलें आणि १९८१ मध्यें कुलाबा जिल्ह्याचें नांवहि बदलून रायगड झालें. परंतु चिऱ्यांच्या भिंतींनीं आपली जागा सोडली नाहीं.

काळ्या दगडाशीं परिचय असलेल्या देशावरील मनुष्यास जांभा प्रथमदर्शनीं दुबळा वाटतो. तो वजनानें हलका असतो, आणि खाणींतून निघतांना लोखंडी हत्यारानें सहज तासतां येण्याइतका मऊ असतो. मात्र वारा लागून आंतील ओल सुकली म्हणजे तो कठीण होत जातो. शतकानुशतकांच्या पावसानें मूळ खडकांतील बराचसा अंश धुऊन नेला आणि लोह व ॲल्युमिनियम यांचा अंश मागें ठेविला. त्यांतून हा सच्छिद्र दगड घडला. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश वैद्यानें मलबारांतील अंगाडिपुरम् येथें तो पाहिला व १८०७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनांत त्यास ‘लॅटराइट’ हें नांव दिलें. लॅटिन भाषेंत ‘लॅटर’ म्हणजे वीट.

जड तें बळकट आणि हलकें तें कच्चें, ही समजूत आपल्या मनांत इतकी रुजलेली आहे कीं, भारदस्तपणास आपण सद्गुण मानतों. पण बांधकामाचा इतिहास या समजुतीस पदोपदीं बाध आणतो. रोम शहरांतील पँथिऑन या देवालयाचा घुमट इ. स. १२६ च्या सुमारास पूर्ण झाला. त्याचा व्यास सुमारें ४३ मीटर असून आंत लोखंडाची एक कांबहि नाहीं. त्याच्या कारागिरांनीं खालच्या भागांत जड दगडाचे तुकडे घातले आणि जसजसें वर जावें तसतसे हलके घालीत, अगदीं माथ्याशीं ज्वालामुखींतून निघालेला, पाण्यावर तरंगणारा प्यूमिस दगड वापरला. भार कोठें हवा व कोठें नको, हें त्यांनीं ओळखलें होतें.

रोमन लोकांना हा हलका दगड निसर्गानें आयता दिला होता. तो मनुष्यास स्वतः करतां येईल काय, या प्रश्नाचें उत्तर मात्र अठराशें वर्षांनीं वीटभट्टींतून मिळालें. अमेरिकेंतील कॅन्सस सिटी येथें स्टीफन हेड नांवाचा एक वीट करणारा गृहस्थ होता. भट्टींत ताप फार वेगानें चढला म्हणजे कांहीं विटा फुगून वेड्यावांकड्या होत. अशा विटा टाकून द्यावयाच्या, हीच सर्वत्र रीत. हेडनें त्या उचलून पाहिल्या. त्या हलक्या होत्या. पण ठिसूळ मात्र नव्हत्या. शेल नांवाचा, चिखलाचे थर दाबून झालेला मातकट दगड घेऊन त्यानें हाच दोष मुद्दाम घडवून आणला आणि १९१८ मध्यें त्याचें पेटंट मिळविलें.

यांतील मर्म आपल्या गृहिणींस समजावून सांगण्याची गरज नाहीं. फुलका तव्यावर फुगतो त्याच जातीची ही क्रिया आहे. शेलचे तुकडे फिरत्या भट्टींत घालून सुमारें ११०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले कीं ते अर्धवट वितळून चिकट होतात. त्याच वेळीं आंत वायु उत्पन्न होतो, पण चिकट कवचामुळें त्यास बाहेर पडतां येत नाहीं. तुकडा फुगतो आणि निवल्यावर आंतील पोकळ्या तशाच राहून भोंवतीं कांचेसारखें कठीण आवरण तयार होतें. साध्या काँक्रीटचें वजन घनफुटास सुमारें १५० पौंड भरतें. अशी खडी घातलेल्या काँक्रीटचें ११० पौंडांच्या आसपास.

त्या वेळीं पहिलें महायुद्ध चालू होतें व पोलादाची टंचाई होती. म्हणून काँक्रीटचीं जहाजें बांधण्याचा घाट घातला गेला. या नव्या खडीचें ‘सेल्मा’ नांवाचें तेलवाहू जहाज २८ जून १९१९ रोजीं, म्हणजे व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या त्याच दिवशीं, पाण्यांत उतरलें. युद्धास तें उपयोगी पडलें नाहीं. पुढल्याच वर्षीं तें मेक्सिकोच्या टँपिको बंदरांत धक्क्यावर आदळलें आणि १९२२ मध्यें टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन बंदराजवळ बुडवून ठेवण्यांत आलें. परंतु तीस वर्षांहून अधिक काळानें त्याच्या कवचाचे तुकडे तपासले, तेव्हां खाऱ्या पाण्यांत राहूनहि तें काँक्रीट मजबूत आढळलें. कॅन्सस सिटींतच एका टेलिफोन कंपनीच्या चौदा मजली इमारतीवर १९२९ च्या सुमारास आणखी मजले चढविण्याचें ठरलें. साध्या काँक्रीटचे आठ मजले पायास पेलले असते. हलक्या खडीमुळें चौदा चढले.

या दूरदेशच्या गोष्टींशीं आपला संबंध काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर किल्लारीनें दिलें आहे. अनंतचतुर्दशीचें विसर्जन आटोपून लोक निजले होते, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. त्यांत हजारों माणसें दगावलीं, तीं बहुतांशीं स्वतःच्याच घरांखालीं. मातींत बसविलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे थर चढवून जड झालेलीं माळवदें, यांतच त्या घरांचें भारदस्तपण होतें. उन्हांत गारवा देणारा तो भार धरणी हालतांच घातक ठरला.

तथापि हलकेपणाचा आंधळा पुरस्कारहि योग्य नव्हे. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलें आणि म्हसळ्यासह सर्व आसमंतांत छपरांवरील पत्रे व कौलें उडालीं. खालीं घट्ट न बांधलेला हलकेपणा वाऱ्याच्या हातचें खेळणें होतो.

म्हसळ्याच्या डोंगरांत शेल नाहीं. ते लाव्हारसाचे आहेत. शेल मिळावयाचा तो चंद्रपूरकडील कोळशाच्या पट्ट्यांत. शिवाय ही खडी भाजण्यास जळण पुष्कळ लागतें आणि ती पाणी शोषीत असल्यामुळें आधीं भिजवून घ्यावी लागते. ज्या गांवाजवळ काळ्या दगडाची खडी स्वस्त मिळते, त्यानें ती दुरून आणावी असें आमचें म्हणणें नाहीं. पण तत्त्व आपलेंसें करण्यासारखें आहे. औष्णिक वीजकेंद्रांतील कोळशाच्या राखेच्या गोळ्या करून भाजल्या तरी अशीच हलकी खडी होते. आणि ती राख आपल्याकडे डोंगराएवढी सांचलेली आहे.

घर बांधतांना आपण भिंत किती जाड, स्लॅब किती जाड, हें अभिमानानें सांगतों. माथ्यावर किती भार घेतला आणि तो पायाशीं कसा बांधला, हें गवंड्यास विचारणारा विरळा. चिऱ्याच्या भिंतीवर राहणाऱ्या कोंकणी मनुष्यानें तरी हा प्रश्न विचारावयास संकोचूं नये. छिद्रें असलेला दगड पिढ्यान्‌पिढ्या घर पेलतो, हें तो जन्मापासून पाहत आला आहे.