वांद्र्याचा शेजारधर्म

एखाद्या नगराचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे लेखणी आपोआप राजांकडे, गव्हर्नरांकडे आणि सेनापतींकडे वळते. किल्ला कोणीं बांधला, तो कोणीं घेतला आणि तहांत तो कोणाच्या पदरीं पडला, एवढें सांगितलें कीं इतिहासकाराला आपलें कर्तव्य संपलें असें वाटूं लागतें. परंतु तो किल्ला ज्या गांवाच्या टोंकाला उभा होता, त्या गांवच्या माणसांनीं साथ आली तेव्हां काय केलें, घरें कशीं बांधलीं आणि समुद्रकांठची घाण कोणीं उपसली, हे प्रश्न बखरींत येत नाहींत. आमच्या मतें वस्तीचा खरा वृत्तांत ह्या प्रश्नांच्या उत्तरांतच असतो. माहीमच्या खाडीपलीकडील वांद्रें हें ह्याचें चांगलें उदाहरण आहे. तेथील सत्ता अनेकदां बदलली. पण शेजाऱ्यांनीं एकत्र येऊन आपली जागा नीट राखण्याची संवय मात्र, निरनिराळीं रूपें घेत, आजवर टिकून आहे.

राजकीय हकीकत थोडक्यांत आटोपतां येते. १५७५ सालीं जेझुइट पाद्र्यांनीं येथें सेंट अँड्र्यूचें देऊळ बांधलें. १६४० सालीं पोर्तुगीजांनीं खाडीच्या मुखावर किल्ला उभारला. त्या जागीं गोड्या पाण्याचा झरा होता व जाणारीं-येणारीं गलबतें तेथें पाणी भरून घेत, म्हणून त्या किल्ल्यास त्यांनीं आग्वाद हें नांव दिलें. १६६१ च्या विवाहतहानें मुंबई बेट इंग्रजांस मिळालें, परंतु साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. त्यामुळें वांद्रें हें दोन राज्यांच्या सीमेवरचें ठाणें बनलें. पुढें चिमाजी आप्पांच्या मोहिमेंत साष्टी व वसई मराठ्यांकडे आली, आणि १७३९ सालीं पोर्तुगीजांचा येथील अंमल संपला. १७७४ सालीं इंग्रजांनीं साष्टीवर चाल केली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती त्यांची झाली.

ह्या सर्व उलाढालींत रानवर, चिंबई, पाली, शेर्ली, राजन हीं लहान लहान खेडीं जागच्या जागीं राहिलीं. त्यांत राहणारे बहुतेक लोक कोळी, भंडारी, कुणबी अशा येथल्याच जातींतून ख्रिस्ती झालेले होते. १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं, ह्या समाजानें आपली संस्था काढली आणि 'ईस्ट इंडियन' हें नांव धारण केलें. मुंबईंत चाकरीसाठीं येणाऱ्या इतर ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे, येथलेच भूमिपुत्र आहों, हें त्यांना सरकारच्या नजरेस आणावयाचें होतें. नांव इंग्रजी कंपनीवरून घेतलेलें, धर्मपीठ रोमचें, आणि चुलीपाशीं बोलली जाणारी भाषा मराठीची बोली, असा हा मोठा मनोज्ञ संगम आहे. वांद्र्याचा इतिहास हा मराठी वाचकाला परका विषय नव्हे, हें ह्यावरून ध्यानांत येईल.

वांद्रें गांवाचें उपनगर झालें तें एका बाईच्या दातृत्वामुळें. माहीम व वांद्रें ह्यांच्यामधील खाडी पूर्वीं होडीनें ओलांडावी लागे, आणि पावसाळ्यांत तो प्रवास जिवावरचा असे. सर जमशेटजी जिजीभाई ह्यांच्या पत्नी लेडी अवाबाई ह्यांनीं १,५७,००० रुपये दिले, आणि १८४५ च्या सुमारास खाडीवरून सडक झाली. पुढें १८६७ सालीं विरारहून मुंबईस जाणारी आगगाडी वांद्र्यास थांबूं लागली, आणि १८७६ सालीं गांवास स्वतःची म्युनिसिपालिटी मिळाली. एका पिढीच्या अवधींत दारांत सडक, रूळ आणि नगरपालिका अशा तिन्ही गोष्टी आल्या, आणि शहर जवळ आल्याचे फायदे-तोटे दोन्ही लोकांना एकदमच भोगावे लागले.

तोट्यांपैकीं सर्वांत भयंकर म्हणजे प्लेग. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मांडवीच्या गोद्यांजवळ ही साथ उद्भवली, आणि जीव घेऊन पळणारी माणसें उपनगरांकडे धांवलीं. साथही त्यांच्यामागून आली. सरकारनें १८९७ सालीं साथीच्या रोगांचा कायदा केला. घरझडत्या, सक्तीचे विलगीकरण, सामानाची जाळपोळ ह्यांनीं लोक किती पोळले, हें पुण्याच्या रँडप्रकरणानें सर्वांस माहीत आहे. वांद्र्याच्या खेड्यांनीं ह्याच संकटांत आणखी एक गोष्ट केली. त्यांनीं वाडीवाडीच्या तोंडाशीं क्रूस उभारले. त्यांतले कित्येक अजून उभे आहेत. वेशीवर ग्रामदेवतेचा दगड मांडणाऱ्या आपल्या पूर्वजांना ह्या कृतीचा अर्थ सांगावा लागला नसता. क्रुसांनीं उंदीर अडले नाहींत, हें खरें. परंतु क्रूस उभारावयाचा म्हणजे वर्गणी काढावी लागे, जागा ठरवावी लागे, आणि सायंकाळीं प्रार्थनेस सर्वांना तेथें जमावें लागे. जी वाडी रोज एका ठिकाणीं जमते तिला कोणाच्या घरीं दुखणें आहे आणि कोणाची चूल पेटली नाहीं, हें कळल्यावांचून राहत नाहीं. कायदा बाहेरून दार ठोठावीत होता. येथें शेजारी आंतून दार उघडीत होता. दोहोंतील अंतर हाच ह्या प्रकरणाचा बोध होय.

प्लेगनंतर दाटीची भीति सर्वांच्याच मनांत बसली, आणि ऐसपैस, हवेशीर वस्तीची मागणी वाढली. येथें शेजारधर्मानें दुसरें रूप घेतलें, तें सहकाराचें. १९१५ सालीं गांवदेवी येथें सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली होती. तिच्यामागोमाग १९१८ सालीं वांद्र्यांत साल्सेट कॅथॉलिक सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. मध्यम स्थितींतील कारकून, शिक्षक, नोकरदार ह्यांना एकेकट्यानें जमीन घेणें शक्य नव्हतें. तें त्यांनीं भाग काढून एकत्र केलें. जेथें शेतें होतीं तेथें आंखीव रस्ते आले आणि बाग असलेले टुमदार बंगले उभे राहिले. जुन्या खेड्यांतील घरें मंगलोरी कौलांचीं, पुढें ओसरी व बाहेरून लांकडी जिना असलेलीं. नवीं घरें रेखीव भूखंडांवरचीं. दोन्ही प्रकार शेजारीं शेजारीं नांदल्यामुळें वांद्र्याला जें रूप आलें, त्याच्याच आठवणीनें आज लोक हळहळतात.

येथें एक गोष्ट नमूद करणें अवश्य आहे. क्रुसाभोवतीं जमणारी वाडी आणि भाग घेणारी सहकारी संस्था ह्या दोहोंचें बळ त्यांच्या कुंपणांत होतें. एका वाडीचे, एका जातीचे, एका धर्मपंथाचे लोक एकमेकांवर विश्वास टाकीत म्हणून हीं कार्यें झालीं. आणि त्याच कारणानें तीं कुंपणाबाहेरच्यांस बंद राहिलीं. सारस्वतांची संस्था सारस्वतांपुरती, कॅथॉलिकांची कॅथॉलिकांपुरती. ह्यांत त्या काळास दोष देण्याचें कारण नाहीं. अनोळखी माणसाच्या हातीं आपली पुंजी कोण देईल? पण शेजारी म्हणजे कोण, हा प्रश्न त्यांनीं सोडविला नाहीं. त्यांनीं तो पुढच्या पिढीवर सोंपविला.

तो प्रश्न समुद्रकांठीं येऊन उभा राहिला. १९५० सालीं वांद्रें बृहन्मुंबईंत सामील झालें, आणि गांवचा कारभार खाडीपलीकडे गेला. आपल्या दारासमोरच्या गटाराविषयीं निर्णय दूरच्या कचेरींत होऊं लागले म्हणजे नागरिक प्रथम तक्रार करतो, मग कंटाळतो, आणि शेवटीं पाठ फिरवितो. किनाऱ्याकडे तर सर्वांचीच पाठ होती. रस्ता संपला कीं पुढें राडारोडा, कचरा आणि अतिक्रमण. १९९० सालीं कचरा टाकण्याच्या जागीं 'जॉगर्स पार्क' हें उद्यान झालें. त्याची कल्पना एका स्थानिक हॉकीपटूची होती. १९९१ च्या फेब्रुवारींत केंद्र सरकारनें किनारा-नियमनाची अधिसूचना काढली, आणि भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या बांधकामास निर्बंध लागले. कायद्याचा आधार मिळाला. परंतु कायद्याला डोळे लागतात, आणि ते डोळे रहिवाशांनीं पुरविले. बँडस्टँड व कार्टर रोड ह्या दोन्ही किनाऱ्यांवर रहिवाशांच्या संस्था उभ्या राहिल्या, वास्तुविशारद पी. के. दास ह्यांनीं आराखडे केले. राज्यसभेच्या तत्कालीन सदस्या शबाना आझमी ह्यांनीं आपल्या खासदार-निधीची जोड दिली. राडारोड्याच्या जागीं फिरण्याचा सलग रस्ता झाला, आणि त्याला दार नाहीं, तिकीट नाहीं, सभासदत्व नाहीं.

किल्ल्याचें काम ह्याच प्रयत्नांचा भाग होतें. २००३ सालीं बँडस्टँड येथील रहिवाशांच्या न्यासानें तें हातीं घेतलें. समुद्राच्या पाण्यानें एका कमानीच्या पायाचे दगड निखळले होते व ती कोसळण्याच्या बेतांत होती. तिला आधाराची भिंत देण्यांत आली. भरतीचें पाणी सांचून पाया खचत होता, तिकडेही लक्ष पुरविलें गेलें. खडक, पायवाटा, झाडें जशींच्या तशीं ठेवून उतारावर लोकांना बसण्यासाठीं पायऱ्यांचें खुलें प्रेक्षागृह केलें. ज्या तटावरून एके काळीं शत्रूच्या गलबतांवर नजर ठेवीत, त्याच्या पायथ्याशीं आतां लोक गाणें ऐकतात. चार शतकांत ह्या वास्तूचा ह्याहून चांगला उपयोग झाला असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

विलायतेंतील एक दाखला येथें देण्यासारखा आहे. ब्रायटनशेजारच्या होव्ह गांवीं समुद्रासमोर ब्रन्सविक नांवाची जुनी, देखणी वस्ती आहे. १९४५ सालीं तेथील नगरपालिकेच्या मनांत ती पाडून नव्या इमारती उभ्या करण्याचें आलें. तेव्हां नागरिकांनीं त्याच वर्षीं रीजन्सी सोसायटी स्थापन केली, विरोध केला, आणि ती वस्ती वांचली. परंतु त्या लढ्याचा विषय मुख्यतः घरांच्या दर्शनी भिंती हा होता. वांद्र्यांत केवळ भिंती वांचवून भागणार नाहीं, कारण येथील जुनेपण भिंतींत थोडें आणि राहणाऱ्यांत अधिक आहे.

म्हणूनच ह्या यशोगाथेवर पूर्णविराम देण्यास आमचें मन धजत नाहीं. किनारा सुधारला कीं किनाऱ्याकांठच्या जमिनीचा भाव चढतो. रानवरमधील कौलारू घराला वारस अनेक असतात. प्रत्येकाच्या वांट्यास खोली येत नाहीं, पण विकलें तर रोकड येते. तेव्हां ज्या सौंदर्यामुळें भाव वाढला, तें सौंदर्य विकून टाकणेंच हिशेबाला सोपें पडतें. चिंबईच्या कोळ्याची अडचण निराळी. त्याला किनारा फिरण्यासाठीं नको, होडी ओढण्यासाठीं आणि जाळीं व मासळी सुकविण्यासाठीं हवा. नाकाला रुमाल लावून फिरणाऱ्या गृहस्थाला जी घाण वाटते, ती कोळणीच्या मुलांची शाळेची फी असते. तिसरी गोष्ट दूरच्या चाळींतून संध्याकाळीं येथें येणाऱ्या तरुण जोडप्याची; घरांत ज्यांना दोन शब्द बोलण्यापुरता आडोसा नाहीं, त्यांना हा कठडा हेंच काय तें घर. रहिवाशांची संस्था जेव्हां कचरा हटविते तेव्हां ती नगराची सेवा करते. पण कचऱ्याबरोबर माणसें हटविण्याचा मोह तिला पडला, तर ती पुन्हां जुन्या कुंपणाच्या आंत शिरेल, आणि तेंही वाडीच्या जिव्हाळ्यावांचून.

१८९६ च्या वाडीला शेजारी ओळखण्यास अडचण नव्हती. तो क्रुसापाशीं रोज दिसे. १९१८ च्या संस्थेला तो सभासदांच्या वहींत सांपडे. आजच्या किनाऱ्यावर तो कोठल्याही यादींत नाहीं, आणि तरीही तो शेजारीच आहे. वांद्र्याच्या मागील दोन पिढ्यांनीं आपापल्या काळाचें काम चोख केलें. आजच्या पिढीनें रस्ता बांधला, कमान सांवरली, हेंही थोडें नव्हे. पण तिच्या कामाची परीक्षा झाडें किती लागलीं ह्यावरून होणार नाहीं. आणखी तीस वर्षांनीं चिंबईंत होडी असेल काय, रानवरमध्यें मराठी बोलणारी म्हातारी ओसरीवर बसलेली असेल काय, आणि परगांवच्या माणसाला त्या कठड्यावर बसण्यास कोणाची परवानगी घ्यावी लागणार नाहीं ना, ह्या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून ती होईल.