१२८ची गोष्ट

मंडळी, एमपी३चा कान कोणी घडवला माहितीये? सुझान व्हेगाने! १९८७च्या तिच्या अल्बममधलं 'टॉम्स डायनर' नुसत्या आवाजात आहे, वाद्य एकही नाही. जर्मनीत कार्लहाइन्झ ब्रँडेनबर्ग कानाला जाणवत नाही तो भाग गाळून फाइल लहान करायच्या मागे होता. काम जमत आलंय असं वाटत असताना हे गाणं लावलं, तर आवाज पार खराब. मग तेच पुन्हा पुन्हा ऐकत त्याने गाळणी सुधारली.

सीडीला सेकंदाला १४११ किलोबिट लागतात, १२८मध्ये त्याचा अकरावा हिस्सा उरतो. १९९८च्या रिओ प्लेयरमध्ये जागाच ३२ एमबी, म्हणजे जेमतेम अर्धा तास. तिथे १२८ समजू शकतो. पण पुढे गिगाबाइट्स आले तरी लोक १२८लाच चिकटले.

आमच्या काकांनी २००५ साली सगळ्या सीडीज १२८ने रिप केल्या आणि मूळ सीडीज वाटून टाकल्या. आता तंबोरा पाण्याखालून वाजल्यासारखा येतो. म्हणतात, "३२०ला कन्व्हर्ट करून दे ना." काका, गाळलेलं परत येत नाही हो, नुसती फाइल फुगते.

तुमच्याकडे सीडीज अजून असतील तर आधी फ्लॅकमध्ये काढून ठेवा. प्लेयरसाठी एमपी३ त्यातूनच बनवा.