१२ मे आणि सुपे

पंचांगातील एखादी तारीख एखाद्या गावाच्या नावे लागावी, तशी १२ मे ही तारीख बारामती तालुक्यातील सुप्याच्या नावे लागली आहे. आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांस ते ठाऊक असेल, म्हणून हा अल्पसा प्रपंच.

पुणे-सुपे ही भोसल्यांची जहागीर. तीत वाढलेले शिवाजी महाराज आग्र्याच्या दरबारी औरंगजेबासमोर उभे राहिले व अपमान सहन न होऊन संतापले, ती तारीख जुन्या इंग्रजी गणनेने १२ मे १६६६. तो प्रसंग मुलाबाळांस तोंडपाठ आहे; त्याविषयी अधिक लिहीत नाही.

दुसरी १२ मे १८७५ सालची, आणि ती खास सुप्याची. तिचे मूळ मात्र शेजारच्या इंदापुरात आहे. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून शेतसाऱ्याची नवी आकारणी सुरू केली व ती तीस वर्षे कायम ठेवण्याची हमी दिली. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध (१८६१-६५) पेटले. दख्खनच्या कापसास सोन्याचा भाव आला आणि सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले आणि नेमक्या त्याच सुमारास, १८६७ मध्ये, इंदापूरचा सारा सुमारे दीडपट करण्यात आला. सारा रोख, पाऊस बेभरवशाचा; खत लिहून देण्यावाचून कुणब्यास गत्यंतर उरले नाही.

त्या बुधवारी आसपासच्या खेड्यांतील कुणबी सुप्याच्या पेठेत लोटले आणि सावकारांच्या दारी वह्या व कर्जरोखे मागू लागले. हाती आलेले कागद त्यांनी जाळले. धान्याची दुकाने लुटली गेली, घरांसही आगी लागल्या, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु लोण पुढे तीसहून अधिक गावी पसरले, तरी जेथे खते मुकाट्याने हवाली झाली तेथे सावकाराच्या अंगास सहसा कोणी हात लावला नाही. सरकारने यास दंगा म्हटले. आमच्या मते तो कागदावरचा राग होता. एकूण ९५१ जणांस अटक झाली.

चौकशीअंती १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. खतावरील आकडा मुकाट्याने मान्य न करता मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला, आणि कर्जापायी शेतकऱ्यास तुरुंगात धाडणे बंद झाले. आमच्या ज्ञातिबांधवांच्या माळ्यावर त्या काळची खते वा वह्या असतील, तर, त्या घेणाऱ्याच्या असोत की देणाऱ्याच्या, कृपया रद्दीत घालू नयेत.