रडतोंडीपासून रेंजरपर्यंत

महाड आणि पोलादपूरच्या माथ्यावरच्या सह्याद्रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चाक फारसे चढलेच नव्हते. घाट होते, वर्दळही होती, पण ती पायांची. 1659 मध्ये अफजलखानाची फौज वाईहून जावळीत उतरली ती रडतोंडीच्या घाटाने, आणि त्या वाटेने जनावरे उतरवताना तिची काय दैना झाली याच्या कथा जावळीत अजून सांगितल्या जातात. रडतोंडी उतरले की पार गाव लागते आणि तिथून पार घाटाने खाली पोलादपूरकडे, सावित्रीच्या खोऱ्यात येता येते. वर वाई, खाली महाड. मधल्या डोंगरात ओझ्याचे बैल, हमाल आणि ऐपतदारांसाठी पालख्या.

महाड त्या काळी बंदर होते, हे आज महामार्गावरून जाणाऱ्याला सांगूनही पटत नाही. समुद्र बाणकोटला, पण भरतीच्या पाण्यावर होड्या सावित्रीतून थेट महाडपर्यंत येत. मीठ, सुकी मासळी, नारळ वर देशावर जात. गूळ, मिरची, धान्य खाली उतरे. बाणकोट 1756 मध्ये इंग्रजांच्या हाती गेले. पुढे 1828 च्या सुमारास गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या पुढाकाराने महाबळेश्वरला थंड हवेचे ठाणे वसू लागले, तेव्हा मुंबईच्या साहेबांनाही हीच वाट सापडली. जहाजाने बाणकोट, खाडीतून होडीने महाड आणि तिथून पालखीत बसून पार घाट. साहेबाला चढ जाणवत नसे, भोयांना जाणवत असे.

चाकासाठी वाट काढायची म्हणजे डोंगराशी वेगळाच हिशेब मांडावा लागतो. बैलाच्या पाठीवर ओझे असेल तर तो दगडांच्या पायऱ्याही चढतो. गाडीला जुंपलेल्या बैलाला मात्र सौम्य, सलग चढ लागतो. म्हणून पायवाट सरळ सोंडेवरून वर जाते आणि गाडीरस्ता वळणावळणांनी, लांबी वाढवत. मुंबईचा गव्हर्नर सर सीमोर फिट्झगेराल्ड (1867 ते 1872) याच्या नावाने ओळखला गेलेला गाडीरस्ता 1870 च्या दशकात पोलादपूरहून महाबळेश्वरला चढला. तोच आजचा आंबेनळी घाट. पोलादपूर ते महाबळेश्वर हे अंतर सुमारे 40 किलोमीटर, आणि तेवढ्यात चढायचे ते 1300 मीटरच्या आसपास. सरासरी काढली तर तीस मीटरमागे एक मीटर. पोलादपूरजवळचा सपाट तुकडा वगळला तर प्रत्यक्ष चढ याहून कडक भरतो, तरीही भरल्या गाडीचे बैल ओढू शकतील एवढाच.

इंजिनिअरांच्या डोक्यात तेव्हा सायकल नव्हती. पण बैलाच्या ताकदीला झेपणारा चढ माणसाच्या मांड्यांनाही झेपतो, आणि या मुलखातल्या सायकलस्वारांना मिळालेली ही फुकटची देणगी म्हणावी लागेल. भोरकडे जाणारा वरंध घाट, खेडकडे जाणारा कशेडी घाट, महाडहून रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला जाणारी 25 किलोमीटरच्या आसपासची सडक, कुठेही उतरून ढकलायला लावणारा भिंतीसारखा चढ सलग मैलभर लागत नाही.

लागतो तो गिअरांचा प्रश्न. स्वातंत्र्यानंतर सायकल देशात मोठ्या प्रमाणावर बनू लागली: मद्रासची टीआय सायकल्स, आसनसोलची सेन-रॅले, सोनीपतची अॅटलस आणि 1956 पासून लुधियानाची हिरो. या सगळ्यांची साधी काळी सायकल जवळजवळ एकाच साच्यातली. 28 इंची चाके, पोलादी रिम, सळईचे ब्रेक, मागे दणकट कॅरियर आणि गिअर एकच. पुढे 44 आणि मागे 18 दाते धरले, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. महाडच्या गांधारी-सावित्रीकाठच्या सपाटीवर हे प्रमाण झकास आहे. आंबेनळीत ते दुसऱ्या वळणाला दम काढते. म्हणून या प्रदेशात ही सायकल खोऱ्यातच नांदली. दुधाची किटली, शाळकरी पोर, डबलसीट बसलेला पाहुणा हे तिचे काम. ज्याला सायकल घेणे परवडत नसे तो तासाच्या भाड्याने घेई, आणि उंची कमी पडली तर दांड्याखालून पाय घालून चालवायला शिके. डोंगर चढायचा असला की सायकल एसटीच्या टपावर बांधली जाई.

उतरताना तिचा खरा कस लागे. सायकल आणि माणूस मिळून 90 किलो धरले, तर महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना साडेअकरा लाख ज्यूलच्या आसपास ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. साडेतीन लिटर पाण्याला उकळी फोडेल एवढी. काही वाटा हवा खाते, उरलेला ब्रेकची रबरे आणि रिम. त्यात पोलादी रिम ओली झाली की रबर तिच्यावर निसटते आणि सायकल थांबायला कोरड्या रस्त्याच्या कितीतरी पट अंतर घेते. धोका वेगापेक्षा या ओल्या रिमचा अधिक.

गंमत अशी की डोंगरात सायकल चालवण्याचा जगप्रसिद्ध खेळही अशाच भंगार ब्रेकांतून जन्माला आला. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत 1970 च्या दशकात काही तरुणांनी 1930-40 च्या काळातल्या जाड टायरच्या श्विन सायकली कवडीमोलाने गोळा केल्या आणि त्या डोंगरावरून कच्च्या रस्त्याने खाली सोडायला सुरुवात केली. 21 ऑक्टोबर 1976 रोजी फेअरफॅक्स गावाजवळ त्यांची पहिली शर्यत झाली. साडेतीन किलोमीटरच्या आत सुमारे 400 मीटरचा उतार, म्हणजे आंबेनळीच्या सरासरीच्या तिपटीहून जास्त. ब्रेक एकच, मागच्या हबमधला, पायडल उलटे दाबून लागणारा. एका उतरणीत हबमधले ग्रीस जळून धूर निघे आणि पुन्हा ग्रीस भरल्याशिवाय पुढची फेरी शक्य नसे. म्हणून शर्यतीचे नावच ‘रिपॅक’ पडले. त्याच टोळक्यातल्या जो ब्रीझने लवकरच खास डोंगरासाठी सांगाडा बनवला, गॅरी फिशर आणि टॉम रिची अशा सायकली विकू लागले, आणि 1981 मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजंपर बाजारात आली, किंमत 750 डॉलर. भंगारातून निघालेला छंद पाच वर्षांत सामान्यांच्या खिशाबाहेर गेला. 1996 मध्ये तो अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये पोहोचला.

महाराष्ट्राच्या तालुक्यांच्या गावांत हा प्रकार 1990 च्या दशकात आला तो रूप म्हणून. हिरोची रेंजर आली, हर्क्युलिसने एमटीबी काढली. सरळ हँडल, 26 इंची जाड टायर, भडक रंग. दहावी पास झालेल्या पोराला घड्याळाऐवजी रेंजर मिळू लागली. त्यातल्या कितीतरी सायकलींना गिअर नव्हतेच. दिसायला डोंगरातली आणि चालायला काळ्या सायकलीचीच धाकटी बहीण. हिणवण्याचे मात्र कारण नाही. मरीनच्या पोरांकडे यापेक्षा बरे काही नव्हते. पुढे 2005 मध्ये फायरफॉक्स आली, 2009 मध्ये डेकॅथलॉनने भारतात दुकान उघडले आणि त्यांच्या रॉकरायडर सायकलींनी गिअरची सायकल मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली. पुणे-मुंबईचे सायकलस्वार त्या घेऊन वरंध आणि आंबेनळीत दिसू लागले. काळ्या सायकलीच्या साडेपाच मीटरच्या जागी सर्वांत हलक्या गिअरवर एका फेऱ्यात जेमतेम दोन मीटर. वेग बैलगाडीचा, पण पाय टिकतात.

कमी पैशात घेताना फसगत होते ती सस्पेन्शनपाशी. दहा-पंधरा हजारांच्या आतल्या सायकलीला पुढे-मागे स्प्रिंग लावलेली असते तेव्हा तो पैसा दुसऱ्या कशातून तरी काढलेला असतो: बहुधा हब, फ्रीव्हील आणि ब्रेकांतून. स्वस्त स्प्रिंगचा फोर्क वजनदार असतो, चढावर प्रत्येक फेऱ्याला खाली बसतो आणि दोन पावसाळ्यांत गंजून आखडतो. मागची स्प्रिंग तर सरळ टाळावी. या रस्त्यांना साधा, न हलणारा पोलादी फोर्क, सव्वादोन इंचांपर्यंतचे टायर आणि अॅल्युमिनियमची रिम पुरते. टायरमधली हवा थोडी कमी ठेवली की सस्पेन्शनचे निम्मे काम तिथेच होते. केबलचे डिस्क ब्रेक मिळत असतील तर त्यावर हजार-दीड हजार जास्त मोजावेत, कारण चिखलपाण्यात रिम ओली झाली तरी डिस्क बरीच कोरडी राहते. जुनी सायकल घेणार असाल तर मागचे चाक उचलून फिरवून बघावे, क्रँक आडवा हलवून बघावा आणि सांगाड्याचे जोड रंगाखाली तडकलेत का ते अंगठ्याने चाचपावे.

हे सगळे गाडीरस्त्यांचे झाले. पायवाटांवर माउंटन बाइक काय करते? या मुलखात फारसे काही नाही. ज्या वाटा ओझ्याच्या बैलांसाठी होत्या त्या सायकलीला आजही दाद देत नाहीत. रडतोंडीत किंवा मंगळगडाच्या, चंद्रगडाच्या वाटेवर सायकल खांद्यावरच येते. खरी मजा मधल्या रस्त्यांत आहे. डिसेंबर 2000 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने आणि त्याआधीच्या रोजगार हमीच्या कामांनी महाराष्ट्रातल्या वाड्यावस्त्यांना रस्ते जोडले. अर्धे डांबरी, अर्धे खडीचे, शेवटी माती. पोलादपूरजवळचे तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ, वरंधच्या पायथ्याची शिवथरघळ अशी ठिकाणे त्याच जाळ्यात येतात. माउंटन बाइकचा जाड टायर इथे कामाला येतो.

कशेडीची कथा अलीकडची आहे. मुंबई-गोवा महामार्गावरचा कशेडीचा बोगदा 2023 च्या गणेशोत्सवापासून टप्प्याटप्प्याने खुला झाला आणि जुन्या घाटावरची बरीच वर्दळ बोगद्यात गेली. ट्रकांच्या धुरात जो घाट सायकलवाल्याला नकोसा होता तोच आता त्यातल्या त्यात निवांत सापडतो. बोगद्यात सायकल नेण्याचा विचारही करू नये. महामार्गाचा महाड-पोलादपूर हा वीसेक किलोमीटरचा तुकडा चौपदरी झाला असला तरी त्यावरून जायचे ते पहाटे, मागे लाल दिवा लावून.

पावसाळ्यातल्या घाटाबद्दल लिहिताना थट्टा सुचत नाही. 28 जुलै 2018 रोजी आंबेनळीत दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून 30 जण गेले. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यात तळियेवर आणि पोलादपूरमध्ये केवनाळे, सुतारवाडीवर डोंगर आला; आंबेनळीचा रस्ता जागोजाग खचला आणि वाहतूक अनेक दिवस बंद राहिली. वरंध घाटही पावसाळ्यात वारंवार बंद ठेवला जातो. सायकल अडथळ्याखालून सहज पलीकडे नेता येते, आणि नेमकी तीच सोय जीवावर बेतू शकते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा या घाटांचा सायकलीचा हंगाम. तेव्हाही धुके असते, वळणाच्या आत खडी सांडलेली असते. उतारावर ब्रेक सतत दाबून धरण्यापेक्षा वळणाआधी दोन्ही ब्रेक जोराने दाबून सोडावेत, म्हणजे रिमला निवायला सवड मिळते. हेल्मेट हजारभर रुपयांत मिळते. आत ईएन 1078 हा युरोपीय मानकाचा शिक्का पाहून घ्यावा.

उरला देखभालीचा खर्च, आणि तो पावसाच्या हिशेबाने मांडावा लागतो. महाडला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या पुढे. ओटीवर नुसती उभी असलेली सायकलही जून ते सप्टेंबरमध्ये गंजते. म्हणून वर्षातून एकदाच ओव्हरऑइलिंग करायचे असेल तर ते गणपतीनंतर करावे, मे महिन्यात नव्हे. हब आणि क्रँकमधले छर्रे काढून धुवावेत, नवे ग्रीस भरावे, चाकाचा आउट काढून घ्यावा. चेन महिन्यातून एकदा पुसून प्रत्येक कडीवर थेंबभर तेल सोडले की पुरे. जास्तीचे तेल धूळ धरते आणि धूळ दाते खाते. ब्रेकची केबल आणि रबरे स्वस्त असतात, ती झिजायची वाट पाहू नये. पंक्चरचे सामान, एक जादा ट्यूब, पंप आणि चेनची कडी जोडायचे हत्यार एवढे सोबत असले की आंबेनळीच्या मधोमध कुणाची वाट बघत बसावे लागत नाही.

आणि चाकाचा आकार ठरवताना तालुक्याच्या दुकानात काय मिळते हे आधी विचारावे. रेंजरच्या जमान्यापासून 26 इंची ट्यूब-टायर छोट्या गावांतही ठेवले जातात, मेकॅनिकचा हात त्यावर बसलेला असतो. 29 इंची टायर किंवा हायड्रॉलिक ब्रेकचे तेल यांसाठी मात्र पुण्या-मुंबईच्या कुरियरची वाट पाहावी लागू शकते.