आगबोटीच्या पडावापासून पार्किंगच्या पावतीपर्यंत : मालवण गाठण्याचा इतिहास

१. मे महिन्याच्या सुट्टीत मालवणच्या जेटीवर मोटार उभी करायला जागा शोधणे हे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीत जागा मिळवण्याइतकेच कठीण झाले आहे. पार्किंगचा दर किती असावा, तो कोणी घ्यावा, जागा कोठे असावी, यावर दर हंगामात वाद होतात. हा प्रश्न मोटारींमुळे निर्माण झाला असे वाटते, पण त्याची मुळे शंभर-दीडशे वर्षांमागे जातात. त्या इतिहासाचा हा थ्रेड.

२. या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. दूरचे मोठे वाहन मालवणच्या दाराशी येत नाही. आगबोट खोल पाण्यात थांबत असे, रेल्वे कुडाळ-कणकवलीला थांबते, विमान चिपीला उतरते. उरलेले अंतर कोणी, कशाने आणि किती पैशांत पार करायचे, यावरून किनाऱ्यावर कोण येऊ शकेल आणि त्याचा लाभ कोणाला होईल, हे ठरत आले आहे.

३. ही अडचण मुळात मालवणचे बळ होती. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामाचा आरंभ झाला. बेटाभोवती पाण्याखाली दडलेल्या खडकांची रांग आहे. वाट ठाऊक असलेल्या स्थानिक नाखव्यावाचून येथे गलबत आणणे धोक्याचे होते. आरमारी किल्ल्याला याहून चांगली जागा मिळणे अवघड होते. शत्रूला दूर ठेवणारा हाच किनारा पुढे प्रवाशालाही सहज जवळ येऊ देईना.

४. जमिनीवरूनही वाट सोपी नव्हती. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या थोडक्याच अंतरात समुद्राला मिळतात आणि त्यांच्या खाड्या किनारपट्टीचे तुकडे करतात. देवगड, आचरा, कोळंब, कर्ली अशी ही मालिका आहे. पूल होण्यापूर्वी प्रत्येक खाडीवर तरीची वाट पाहावी लागे. भरती-ओहोटी पाहून प्रवासाची वेळ ठरे. त्यामुळे लांबच्या प्रवासाला समुद्र हाच येथील हमरस्ता होता.

५. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या हमरस्त्यावर आगबोटी धावू लागल्या. मुंबईहून निघालेली बोट रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत गोव्याकडे जाई. तिचा मुख्य प्रवासी पर्यटक नव्हता, तर चाकरमानी होता. मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि घरकामात राबणारी माणसे डेकवर वळकटी पसरून गावी येत. मालवणची मनीऑर्डर आणि मालवणचा माणूस दोघेही मुंबईवर अवलंबून होते.

६. बोट मालवणला पोहोचली तरी प्रवासी मालवणला पोहोचत नसे. खडकांमुळे आणि उथळ पाण्यामुळे बोट दूर नांगर टाकी. तेथून माणसे, ट्रंका, तान्ही मुले यांना हलत्या पाण्यात पडावात उतरवावे लागे आणि खलाशी पडाव किनाऱ्याला आणत. शेवटच्या अंतराची वेगळी किंमत मोजण्याची प्रथा येथपर्यंत मागे नेता येते. या व्यवस्थेत जोखीम प्रवाशाची होती, पण मजुरी गावातल्याच हातांना मिळत असे.

७. पावसाळ्यात हा हमरस्ता बंद होई. समुद्र खवळला की आगबोटी थांबत. मग घाटावरून फेरा घ्यावा लागे. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाल्यानंतर मुंबईहून कोल्हापूरपर्यंत गाडीने यायचे आणि पुढे फोंडा घाटासारख्या घाटवाटेने कोकणात उतरायचे, हा पर्याय खुला झाला. तो लांबचा आणि खर्चाचा होता. ज्याच्या गाठीला पैसा नाही, त्याचे गाव पावसाळ्यात मुंबईपासून तुटलेलेच राही.

८. प्रवासाची साधने कोणाच्या मालकीची आहेत, हा प्रश्न कोकणी माणसाने फार लवकर ओळखला. स्वदेशी चळवळीच्या काळात उभ्या राहिलेल्या सहकारी आगबोट कंपनीला लोक ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. तिच्या बोटींना संतांची नावे दिली गेली. मात्र सुरक्षितता मालकीने आपोआप येत नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ती मालवणची बोट नव्हती, पण आगबोटीवर विसंबलेल्या साऱ्या कोकणाने तो घाव सोसला.

९. त्यानंतर वर्षभरातच जमिनीवर मोठा बदल घडला. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. १९५० च्या कायद्याने रस्ते वाहतूक महामंडळांना पाया मिळाला. त्यापूर्वी खासगी सर्व्हिस मोटारी चालत. त्या भरल्या की निघत आणि भाडे बरेचसे मालकाच्या मर्जीवर असे. एसटीने तीन साध्या गोष्टी आणल्या: ठरलेली वेळ, ठरलेले भाडे आणि हातात छापील तिकीट.

१०. कोकणात एसटीचे खरे काम राजमार्गावर नव्हते, तर फाट्यापासून आत होते. त्याचे सर्वांत बोलके रूप म्हणजे वस्तीची गाडी. संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन बस आडगावात जाई, चालक-वाहक तेथेच मुक्काम करत आणि पहाटे तीच बस पहिली फेरी घेऊन निघे. तिच्यात बाजाराला निघालेली मासळीवाली, कॉलेजचा विद्यार्थी, तालुक्याच्या दवाखान्याला जाणारी म्हातारी एकाच भाड्याने बसत. शेवटचे अंतर प्रथमच सार्वजनिक झाले होते.

११. रस्ते आणि पूल होत गेले, तसा समुद्रमार्ग मागे पडला. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. त्याच दशकात मुंबई-गोवा बोटसेवाही थांबली. मालवण आता पूर्णपणे रस्त्यावर अवलंबून झाले आणि रस्त्यावर जो जाईल तो एसटीने जाईल, असे गृहीत धरले गेले.

१२. दुसरे मोठे वाहन आले ते रेल्वेचे. बॅ. नाथ पै आणि पुढे मधू दंडवते या राजापूर मतदारसंघाच्या खासदारांनी कोकण रेल्वेची मागणी संसदेत लावून धरली. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. गाडी कणकवली, सिंधुदुर्ग, कुडाळ, सावंतवाडीला थांबू लागली. मालवणला मात्र स्थानक नाही.

१३. यामागे भूगोल आहे. किनाऱ्याजवळ खाड्यांची मुखे रुंद असतात, आत नद्या अरुंद होतात. म्हणून रुळ किनारा सोडून आतून गेले. कुडाळ ते मालवण हे अंतर सुमारे ३० किलोमीटर, कणकवलीहून त्यापेक्षा जास्त. आगबोटीच्या काळात जे काम पडाव करी, ते आता स्थानकाबाहेरची बस किंवा रिक्षा करू लागली. गाडीला उशीर झाला आणि जोडणारी बस निघून गेली, तर कुटुंबाला रिक्षा ठरवण्यावाचून मार्ग उरत नाही.

१४. दरम्यान १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तारकर्लीचे निवास संकुल, घरगुती न्याहारी-निवास, खाडीतील होड्या, समुद्रतळ पाहण्याची सोय यांनी किनाऱ्याला नवे उत्पन्न मिळाले. पण या उत्पन्नाबरोबर नव्या प्रकारचा प्रवासी आला. तो दारापासून दारापर्यंत स्वतःच्या मोटारीने येतो. शेवटचे अंतर तो कोणालाही पैसे न देता पार करतो. पोहोचल्यावर त्याला एकच गोष्ट विकत घ्यावी लागते: मोटार उभी करण्याची जागा.

१५. जागेसाठी पैसे घेणे नवीन नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यातील कलम १२४ मध्ये ग्रामपंचायतीला ज्या बाबींवर कर व फी बसवता येते त्यांची यादी आहे. तीत यात्राकराबरोबरच गाडीतळ आणि टांगातळ यांवरील फीही आहे. ‘गाडीतळ’ हा पार्किंगसाठी आपल्याकडचा जुना, नेमका शब्द. बैलगाड्यांचा तळ म्हटला की मोकळे मैदान आणि बाजार डोळ्यांसमोर येतो. ही फी तळाच्या वापराची होती, केवळ गावात शिरल्याबद्दलची नव्हे.

१६. तारकर्ली-देवबागला असा तळ आणायचा कोठून, हा खरा पेच आहे. देवबाग ही एका बाजूला कर्ली खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी. एकच रस्ता, दुतर्फा घरे आणि माड. किनाऱ्यालगतच्या जमिनीच्या वापरावर १९९१ पासून किनारा नियमन क्षेत्राची बंधने आहेत. उरतात घरापुढची खळी, माडांच्या बागा आणि वाळू. या वाळूवर रापणकरांचा पिढीजात वावर आहे. रापण ओढायला आणि जाळी सुकवायला मोकळा किनारा लागतो.

१७. हिशेब साधा आहे. एका मोटारीला उभे राहायला सुमारे अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. एसटीच्या साध्या बसमध्ये ४४ माणसे बसली असे धरले, तर तेवढीच माणसे चौघे-चौघे करून मोटारींनी आली की अकरा मोटारी होतात. त्यांना वळण्याची जागा न धरताही जवळपास १३८ चौरस मीटर हवेत. बस माणसे उतरवून निघून जाते, मोटारी दिवसभर तेथेच राहतात.

१८. म्हणून फुकट पार्किंग खऱ्या अर्थाने फुकट नसते. त्याची किंमत रापणकर जागेने देतो, अरुंद रस्त्यावर अडकलेल्या एसटीतला विद्यार्थी वेळेने देतो. उलट, केवळ दर वाढवला तर स्वतःची मोटार असलेला तो भरतोच आणि जागेचा ताण पुष्कळसा तसाच राहतो. बसने आलेल्याला मात्र त्या पावतीतून काहीच मिळत नाही.

१९. हे चित्र २०२१ मध्ये अगदी उघड झाले. ९ ऑक्टोबर रोजी चिपी विमानतळाचे उद्घाटन झाले. तोही कर्लीच्या दक्षिणेला, म्हणजे खाडी ओलांडूनच मालवणला यायचे. त्याच महिन्याच्या अखेरीस राज्यभर एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो पुढील एप्रिलपर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्या पगार आणि नोकरीच्या शाश्वतीच्या होत्या. पण त्या महिन्यांत गावे पायावर आणि मिळेल त्या वाहनावर आली. मुंबईहून विमान येत होते आणि शेजारच्या गावाहून बस येत नव्हती.

२०. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे, ग्रामीण विद्यार्थिनींना अहिल्याबाई होळकर योजनेचा पास आहे. या सवलती मोलाच्या आहेत. पण ज्या वाडीवर फेरीच येत नाही, तेथे अर्ध्या तिकिटाचे मूल्य शून्य.

२१. दुसरा मार्ग महाराष्ट्रातच पाहता येतो. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. १९०७ पासून नेरळहून छोटी रेल्वे वर जाते आणि दस्तुरीजवळच्या अमन लॉजपासून माथेरानपर्यंत तिच्या फेऱ्या असतात. नाक्यावर गर्दी होते, घोडे आणि रिक्षांच्या दरांवर तक्रारीही होतात. पण तत्त्व स्पष्ट आहे: मोटार बाहेर ठेवायची असेल, तर आत नेणारे सार्वजनिक वाहन आधी हवे. माथेरान हे डोंगरावरचे छोटे ठिकाण, मालवण हा राहता किनारा. त्यामुळे व्यवस्था तशीच्या तशी उचलता येणार नाही, क्रम मात्र घेता येईल.

२२. मालवणच्या बाबतीत तो क्रम असा: कुडाळ स्थानकावर गाडीच्या वेळेला जुळणारी बस, मालवण शहराबाहेर गाडीतळ, तेथून जेटी, तारकर्ली आणि देवबागपर्यंत दिवसभर फेऱ्या आणि त्या फेऱ्यांच्या खर्चात पार्किंगच्या पैशाचा ठरलेला वाटा. हीच बस हंगाम सरल्यावर, होड्या बंद झाल्यावर, भर पावसात शाळेच्या मुलांना नेईल.

२३. पडावाचे पैसे देणाऱ्याला आपण कशासाठी पैसे देतो हे ठाऊक होते. त्याला किनाऱ्यावर पोहोचवले जात असे. एसटीच्या तिकिटावरही कोठून कोठे ते छापलेले असते. पार्किंगच्या पावतीनेही कोणाला तरी कोठे तरी पोहोचवावे, एवढी अपेक्षा या इतिहासाला धरूनच आहे.