पुढून ओढ की मागून रेटा?

बैल गाडी पुढून ओढतात. हातगाडी आपण मागून रेटतो. मोटारीतही हे दोन पंथ आहेत, आणि ‘चालवायला मौज कशात?’ हा त्यांचा जुना वाद आहे.

फ्रान्समधल्या क्यून्योची १७६९ सालची वाफेची गाडी पुढच्या चाकाच्या जोरावर चाले. पुढे १८९१ साली पानार-लव्हासर कंपनीने इंजिन पुढे बसवून जोर मागच्या चाकांना दिला, आणि तीच रीत रूढ झाली. यात कामाची वाटणी चोख. पुढच्या चाकांनी वळायचे, मागच्यांनी रेटायचे. चढावर भार मागे येतो, चाके जमीन घट्ट धरतात. शौकिनांना ही गाडी आवडते ती यासाठीच.

मग दुसरा पंथ वाढला कसा? टंचाईमुळे! १९५६ च्या सुवेझ प्रकरणात इंग्लंडात पेट्रोलचे रेशनिंग आले. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी १९५९ साली ‘मिनी’ काढली. इंजिन आडवे, जोर पुढच्या चाकांना. दहा फुटी गाडीत चार माणसे बसली. काटकसरीची ही गाडी रखडेल असे वाटावे. पण १९६४, १९६५ आणि १९६७ साली माँटे कार्लोची अवघड शर्यत तिनेच जिंकली!

आपल्याकडे अँबॅसडर मागून रेटणारी. डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती पुढून ओढणारी. मला विचाराल तर घाटात मागचा रेटाच मला प्रिय. पण मौज फक्त ऐपतीतून येते असे नाही, अडचणीतूनही येते, हे त्या चिमुकल्या मिनीने शिकवले, एवढे मात्र कबूल केले पाहिजे.